लांबचं हवं की कमी उजेडातलं? मिररलेस आणि सुपरझूम यांतून निवड करताना

घरात चांगला मोबाइल असतानाही वेगळा कॅमेरा घ्यावासा वाटतो, तेव्हा त्यामागे बहुधा हुकलेले फोटो असतात. भिगवणच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा डोळ्यांना छान दिसत होता, मोबाइलमध्ये मात्र नुसते गुलाबी ठिपके आले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलगी मन लावून नाचली, फोटोत तिचे हात पुसट उमटले. मग चौकशी सुरू होते आणि दोन पर्याय समोर येतात. एक, एकाच लेन्समध्ये चाळीस-ऐंशी पट झूम देणारा सुपरझूम. दुसरा, लेन्स बदलता येणारा मिररलेस.

दोन्ही फोटो हुकले, पण कारणं निराळी. भिगवणला अंतर नडलं, सभागृहात उजेड नडला. आणि अंतर कापण्यात जो कॅमेरा तरबेज असतो, तोच कमी उजेडात सगळ्यात आधी हात टेकतो. म्हणून आपल्याला बहुतेक वेळा काय नडतं, अंतर की उजेड, हे आधी ठरवावं. ब्रँड, मेगापिक्सेल आणि सणासुदीची सवलत या गोष्टी त्यानंतरच्या.

दोन वेगळ्या घडणी

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे एक आरसा असायचा. लेन्समधून आलेलं दृश्य त्या आरशावरून व्ह्यूफाइंडरमध्ये जायचं आणि बटण दाबलं की आरसा वर उचलला जायचा. २००८ साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ आणला आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यातून हा आरसा काढून टाकला. आता प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सर पाहतो तेच चित्र स्क्रीनवर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. हाच मिररलेस. बॉडी वेगळी, लेन्स वेगळी. कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म या कंपन्यांचे नवे कॅमेरे आता बहुतेक याच घडणीचे असतात.

सुपरझूममध्ये लेन्स बॉडीला कायमची जोडलेली असते. त्यातही दोन प्रकार आहेत. कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएससारखे ४० पट झूमचे, सुमारे ३०० ग्रॅमचे, खिशात मावणारे. आणि निकॉन कूलपिक्स पी९५० किंवा कॅनन एसएक्स७० एचएससारखे, हातात धरायला भरदार पकड आणि व्ह्यूफाइंडर असलेले. यांना ब्रिज कॅमेरे म्हणतात. पी९५० चा झूम ८३ पट आहे, पी१००० आणि पी११०० यांचा तर १२५ पट.

इतका लांबचा झूम एवढ्याशा लेन्समध्ये बसतो, कारण त्यामागचा सेन्सर अगदी लहान असतो. तेच या कॅमेऱ्याचं बळ आणि तीच त्याची मर्यादा.

सेन्सर किती मोठा?

दुकानातल्या माहितीपत्रकात सेन्सरचा आकार कुठेतरी खाली, बारीक अक्षरांत दिलेला असतो. खरं तर तो सगळ्यात आधी वाचावा. नेहमी भेटणारे आकार असे:

- १/२.३ इंची सेन्सर: साधारण ६.२ × ४.६ मि.मी., म्हणजे २८ चौ.मि.मी. बहुतेक सुपरझूममध्ये हाच असतो.
- १ इंची सेन्सर: १३.२ × ८.८ मि.मी., सुमारे ११६ चौ.मि.मी.
- मायक्रो फोर थर्ड्‌स: १७.३ × १३ मि.मी., सुमारे २२५ चौ.मि.मी.
- एपीएस-सी: साधारण २३.५ × १५.६ मि.मी., सुमारे ३६६ चौ.मि.मी. (कॅननचा थोडा लहान.) परवडणारे मिररलेस बहुतेक याच आकाराचे.
- फुल फ्रेम: ३६ × २४ मि.मी., ८६४ चौ.मि.मी.

१/२.३ इंची सेन्सर करंगळीच्या नखात सहज मावेल. एपीएस-सी सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या सुमारे तेरापट. त्याच दृश्याचा, त्याच ॲपर्चर-शटरवर फोटो घेतला, तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाशही त्याच प्रमाणात जास्त जमा होतो. भरपूर उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही, कारण लहान सेन्सरलाही पुरेल एवढा प्रकाश असतो. सावलीत, संध्याकाळी, घरात तो ठसठशीत दिसतो. लहान सेन्सरचा फोटो दाणेदार होतो आणि ते दाणे झाकायला कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो. पक्ष्याची पिसं मेणाची वाटू लागतात ती त्यामुळे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजच्या महागड्या मोबाइलचा मुख्य सेन्सर बऱ्याचदा १/१.३ इंचाच्या आसपास असतो, म्हणजे सुपरझूमच्या सेन्सरच्या दुपटीहून मोठा. त्यामुळे जवळचे फोटो, कुटुंबाचे ग्रुप फोटो, संध्याकाळचा समुद्रकिनारा यांत चांगला मोबाइल सुपरझूमवर मात करतो. सुपरझूम घ्यायचा तो फक्त लांबच्यासाठी. घरातल्या वाढदिवसाचे फोटो आणखी चांगले यावेत म्हणून तो घेतला, तर निराशा ठरलेली.

झूमच्या आकड्यात खरं काय?

‘८३ पट’ हा आकडा लेन्सच्या सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद टोकांचं गुणोत्तर सांगतो. पी९५० ची लेन्स २४ पासून २००० मि.मी.पर्यंत जाते, २००० भागिले २४ म्हणजे ८३. पण सुरुवात कुठून होते यावर बरंच अवलंबून असतं. २५ पासून सुरू होणारा दहापट झूम २५० ला थांबतो, ३० पासून सुरू होणारा ३०० पर्यंत जातो. म्हणून ‘किती पट’ यापेक्षा ‘किती मिलिमीटरपर्यंत’ असं विचारावं, आणि तेही फुल फ्रेमच्या हिशेबातल्या समतुल्य आकड्यात. एपीएस-सी कॅमेऱ्याच्या लेन्सवर लिहिलेला आकडा दीडने गुणावा, कॅननचा १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्‌सचा दोनने. मग तुलना बरोबरीची होते. डिजिटल झूम मात्र हिशेबात धरूच नये. तो म्हणजे मधला तुकडा कापून मोठा करणं, आणि ते काम घरी कॉम्प्युटरवरही होतं.

आता एक उदाहरण मोजून पाहू. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सें.मी.चा असतो. तो २० मीटरवरच्या फांदीवर आडवा बसलाय. मिररलेसवर समतुल्य ६४० मि.मी.ची लेन्स असेल, तर तेवढ्या अंतरावर फोटोच्या चौकटीत सव्वाअकराशे मि.मी. रुंदीचा पट्टा येतो आणि खंड्या त्याचा जेमतेम सातवा भाग व्यापतो. पी९५० च्या २००० मि.मी. टोकाला तीच चौकट सुमारे ३५ सें.मी. रुंद होते आणि खंड्या जवळपास अर्धी चौकट भरून टाकतो. सकाळी नऊचं स्वच्छ ऊन असेल आणि पक्षी स्थिर बसला असेल, तर हा फोटो सुपरझूमच चांगला काढेल. मिररलेसचा २४ मेगापिक्सेलचा फोटो मधोमध निम्म्या रुंदी-उंचीपर्यंत कापला तरी सहा मेगापिक्सेल उरतात आणि त्यात १० इंच रुंदीचा छान प्रिंट निघतो. पण पक्षी तरीही चौकटीच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहानच राहतो.

चंद्राचंही तसंच. आकाशात त्याचा व्यास अर्ध्या अंशाच्या आसपास दिसतो. २००० मि.मी.ला तो चौकटीच्या उंचीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग व्यापतो, ६४० ला सुमारे पाव भाग. घराच्या गच्चीतून मुलांना चंद्रावरची विवरं दाखवायची असतील, तर सुपरझूमइतकं सोपं साधन दुसरं नाही.

पण लांबच्या टोकाला तीन अडचणी येतात आणि त्यांतून कोणत्याही झूमची सुटका नाही. पहिली, पक्षी सापडतच नाही. चौकट जेमतेम एका अंशाची असते, हात जरा हलला की पक्षी गायब. यासाठी निकॉनच्या पी९५० मध्ये लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबलं की झूम थोडा मागे येतो, पक्षी शोधायचा आणि बटण सोडलं की झूम पूर्वीच्या जागी जातो. कॅनन एसएक्स७० मध्येही अशी सोय आहे. दुकानात हे बटण वापरून पाहावं. दुसरी अडचण हाताच्या कंपाची. लेन्समधलं स्थिरीकरण कंप बराच शोषून घेतं, तरी कुंपणाचा, झाडाचा किंवा मोनोपॉडचा आधार घ्यावाच. तिसरी अडचण हवेची. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर जमिनीवरून झळा उठू लागल्या की शंभर मीटरवरची कुठलीही गोष्ट थरथरताना दिसते. कितीही भारी लेन्स लावली तरी फोटो वितळल्यासारखा येतो. लांबचे फोटो सकाळीच काढावेत.

उजेडाचा हिशेब

ॲपर्चरचा एफ-आकडा जितका लहान, तितकी लेन्स उघडी आणि आत येणारा प्रकाश जास्त. पी९५० च्या लांबच्या टोकाला लेन्स फार तर एफ/६.५ पर्यंत उघडते. लख्ख उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० ठेवून साधारण १/६०० सेकंदाचा शटर मिळतो. बसलेल्या पक्ष्याला तो पुरतो. पण सूर्योदयानंतर लगेच, झाडीच्या सावलीत, प्रकाश सहज सोळापट कमी असतो. तोच शटर टिकवायचा तर आयएसओ १६०० करावा लागतो आणि नखाएवढ्या सेन्सरवर तिथूनच पिसांचा तपशील जायला लागतो. आता पाहा, पक्षी सगळ्यात जास्त हालचाल करतात ते नेमके याच वेळी.

गॅदरिंगमध्ये हिशेब आणखी कडक होतो. नाचणारं मूल गोठवायला शटर निदान १/२५० हवा. समजा, त्या रंगमंचावर एफ/१.८ च्या लेन्सला आयएसओ ८०० पुरतोय. मग एफ/६.३ वर तोच फोटो काढायला बारापट प्रकाशाची तूट भरून काढावी लागते, म्हणजे आयएसओ दहा हजारांच्या घरात जातो. पी९५० मध्ये आयएसओची कमाल मर्यादाच ६४०० आहे. एपीएस-सी मिररलेस दहा हजारांवरही चालतो, फोटो दाणेदार येतो पण घरच्या अल्बमपुरता चालून जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मिररलेसबरोबर येणारी किट लेन्सही झूम केल्यावर एफ/६.३ लाच थांबते. मोठा सेन्सर अर्धं काम करतो, उरलेलं अर्धं काम उघड्या ॲपर्चरच्या लेन्सचं असतं. कमी उजेडासाठी मिररलेस घेत असाल, तर ५० मि.मी. एफ/१.८ सारखी एक लहानशी प्राइम (झूम नसलेली) लेन्स खरेदीच्या यादीत पहिल्या दिवसापासून धरा. कॅननची अशी लेन्स फक्त १६० ग्रॅमची आहे, आणि लेन्सच्या दुनियेत ती स्वस्तात मोडते.

तुलना कशाशी करायची?

सुपरझूमची किंमत आणि किट लेन्ससह मिररलेसची किंमत शेजारी ठेवून निर्णय घेतला जातो. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. कॅनन ईओएस आर५० बरोबर १८-४५ मि.मी. लेन्स येते. समतुल्य हिशेबात ती ७२ मि.मी.ला थांबते. पाचपट टेलिफोटो असलेला मोबाइल सुमारे १२० पर्यंत जातो. म्हणजे नवा मिररलेस हातात घेऊन भिगवणला गेलात, तर पक्षी मोबाइलपेक्षाही लहान दिसतील.

म्हणून तुलना पूर्ण संचाची करावी. आर५० ची बॉडी बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम. तिला आरएफ १००-४०० मि.मी. लेन्स लावली की समतुल्य ६४० मि.मी. मिळतात. ती लेन्स ६३५ ग्रॅमची. दोन्ही मिळून १,०१० ग्रॅम. पी९५० चं वजन १,००५ ग्रॅम. खांद्यावरचा भार सारखाच. फरक असा की पी९५० मध्ये २४ ते २००० सगळं एका लेन्समध्ये आलं, तर मिररलेससाठी जवळच्या फोटोंची लेन्स पिशवीत वेगळी ठेवावी लागते. शिवाय ती १००-४०० लेन्स बॉडीच्या किमतीच्या जवळपास जाते. एवढा खर्च आज जमत नसेल, तर ५५-२१० सारखी स्वस्त, २७० ग्रॅमची लेन्स आहे. ती समतुल्य ३३६ मि.मी.पर्यंत पोचते. मोठ्या पक्ष्यांना आणि क्रीडादिनाला ती पुरते, खंड्याला पुरत नाही.

याच्या बदल्यात मिररलेस काय देतो? मोठा सेन्सर, आणि त्याच्या जोडीला फोकस. बहुतेक सुपरझूम चित्रातला कॉन्ट्रास्ट तपासत, पुढे-मागे होत फोकस शोधतात. बसलेल्या पक्ष्यावर हे जमतं, उडणाऱ्या घारीवर बहुधा फसतं. नव्या मिररलेसच्या सेन्सरवरच फेज डिटेक्शनची व्यवस्था असते. कॅमेरा माणूस, प्राणी ओळखतो, डोळ्यावर फोकस धरतो आणि विषय हलला तरी सोडत नाही. आर५० यांत्रिक शटरच्या मदतीने सेकंदाला १२ फोटो काढतो. उडते पक्षी, धावती मुलं, कबड्डीची चढाई यांसाठी हा फरक झूमपेक्षा मोलाचा आहे.

घरात जुना डीएसएलआर पडून असेल, तर त्याच्या लेन्स टाकू नका. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आर मालिकेवर चांगल्या चालतात. निकॉनच्या झेड मालिकेसाठी एफटीझेड अडॅप्टर आहे. मात्र ज्या लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर आहे त्यांचाच ऑटोफोकस चालतो, जुन्या एएफ-डी लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडण्याची घडण, निवडताना पुढच्या लेन्स कोणत्या आणि किती किमतीत मिळतील हे पाहावं. सोनीच्या ई-माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्स बऱ्याच वर्षांपासून मिळतात. कॅननच्या आरएफ माउंटवर या कंपन्यांच्या एपीएस-सी लेन्स २०२४ पासून यायला लागल्या.

प्रसंग पाहून ठरवा

पाणथळ जागेवरचे पक्षी. नांदूर मध्यमेश्वरला काठावरून किंवा मनोऱ्यावरून पाहताना अंतर फार असतं, तिथे सुपरझूम खरोखर कामाला येतो. पक्षी ओळखायला शिकत असाल तर आणखीच. लांबच्या चिखलपायट्याचा फोटो घेऊन घरी पुस्तकाशी ताडून पाहता येतो. भिगवणला नाव थव्याच्या बऱ्यापैकी जवळ जाते, रोहित मोठे असतात, तिथे ६४० मि.मी. भरपूर झाले. शिवाय नाव डोलत असते, त्यामुळे जलद फोकस आणि जलद शटर जास्त उपयोगी.

ताडोबासारखी सफारी. वाघासाठी जास्तीत जास्त झूम हवा असा समज आहे. ३० मीटरवर समतुल्य ६४० मि.मी.ची चौकट सुमारे १.७ मीटर रुंद असते. वाघ तेवढ्यात मावतच नाही, झूम मागे घ्यावा लागतो. अडचण उजेडाची असते: पहाटेची फेरी, बांबूची दाट सावली, आणि वाघ चालता. इथे मिररलेसला प्राधान्य द्यावं. जिप्सीच्या कठड्यावर ठेवायला तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी न्यावी. ती ट्रायपॉडपेक्षा सोयीची पडते. फोटो काढताना गाडीचं इंजिन बंद करायला सांगावं.

गॅदरिंग, लग्न, मंदिराचा गाभारा. प्रश्नच नाही, मिररलेस आणि उघड्या ॲपर्चरची प्राइम. जागा पुढच्या रांगांत मिळवावी. फ्लॅश वापरू नये. तो लांब पोचत नाही आणि नाचणाऱ्या मुलांचे डोळे दिपतात.

वारी, विसर्जन मिरवणूक. धूळ, गुलाल, पावसाची भुरभुर आणि खांद्याला खांदा लागलेली गर्दी. इथे लेन्स बदलायला जाऊ नका, उघड्या सेन्सरवर धूळ बसते. मिररलेस असेल तर १८-१५० सारखी एकच झूम लेन्स लावून घरातून निघावं. खिशातला सुपरझूम दिवसाच्या उजेडात इथे छान चालतो, पण रात्रीच्या मिरवणुकीत मोबाइल जास्त कामाला येईल.

गड आणि रानफुलं. चढण दमवते, ग्रॅम-ग्रॅम जाणवतो. कंबरेच्या पाऊचमध्ये मावेल तो कॅमेरा खरा. लहान सेन्सरचा इथे एक खास फायदा आहे: फोटोत पुढे-मागे बरंच काही एकाच वेळी स्पष्ट येतं, आणि पी९५० सारखे कॅमेरे रुंद टोकाला एक सें.मी.पर्यंत जवळून फोकस करतात. कास पठारावर मार्गाच्या कडेची इवलीशी सीतेची आसवं टिपायला वेगळी मॅक्रो लेन्स लागत नाही, आणि वाट सोडून फुलं तुडवावीही लागत नाहीत.

मधली वाट

अंतर आणि उजेड दोन्ही थोडं थोडं हवं असेल, तर १ इंची सेन्सरचे सुपरझूम पाहावेत. पॅनासॉनिकचा टीझेड२०० सुमारे ३४० ग्रॅमचा आणि समतुल्य ३६० मि.मी.पर्यंत जाणारा. त्याच कंपनीचा एफझेड१००० मालिकेतला कॅमेरा ४०० पर्यंत, एफ/२.८ ते ४ लेन्सचा. आणि सोनीचा आरएक्स१० मार्क ४, ६०० मि.मी.ला एफ/४. या शेवटच्या कॅमेऱ्याचा सेन्सर नेहमीच्या सुपरझूमच्या चौपट, लांबच्या टोकाला लेन्स जास्त उघडी, शिवाय फेज डिटेक्शन फोकस. धूळ आणि ओलावा यांपासून काहीसं संरक्षणही आहे. पण तो २०१७ चा आहे, १,०९५ ग्रॅमचा आहे आणि त्याच्या किमतीत मिररलेसचा चांगला संच उभा राहतो. लेन्स बदलायची मुळीच इच्छा नसलेल्या, दूरच्या प्रवासात एकच कॅमेरा नेऊ पाहणाऱ्या माणसाला तो शोभतो. या वर्गातली मॉडेल जुनी होत चालली आहेत, म्हणून दुकानदाराकडून नवा माल आणि भारतातली वॉरंटी यांची खात्री करून घ्यावी.

दुकानात काय तपासायचं?

स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. दुकानदाराला विचारून दारात उभं राहा, झूम पूर्ण पुढे न्या आणि रस्त्यापलीकडच्या पाटीचे चार-पाच फोटो हातात धरून काढा. मग आत येऊन सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यातल्या खोक्यांवरच्या अक्षरांचा फोटो आयएसओ १६०० आणि ३२०० वर काढा. चालत्या माणसाच्या चेहऱ्यावर फोकस धरून सलग फोटो घ्या. हेच सगळं दुसऱ्या कॅमेऱ्यावर करा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर शंभर टक्के आकारात शेजारी शेजारी पाहा. माहितीपत्रकाची दहा पानं वाचून कळत नाही ते या फोटोंत कळतं.

व्ह्यूफाइंडर आहे का, ते पाहा. भर उन्हात मागची स्क्रीन दिसत नाही आणि लांबच्या झूमला डोळ्याशी टेकलेला कॅमेरा जास्त स्थिर राहतो. एसएक्स७४०, सोनी झेडव्ही-ई१०, निकॉन झेड३० यांत तो नाही. आर५० आणि पी९५० मध्ये आहे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो, मिळते का, हेही विचारा. पी९५० आणि एसएक्स७० मध्ये मिळते, जुन्या पी९०० मध्ये नाही. रॉ असेल तर आजच्या सॉफ्टवेअरने दाणे बरेच कमी करता येतात.

जुना कॅमेरा घेताना, मग तो मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात असो की ओळखीतून मिळालेला, लेन्समध्ये टॉर्च मारून आत बुरशीची जाळी दिसते का ते पाहा. सुपरझूमचा झूम आठ-दहा वेळा पूर्ण पुढे-मागे करा; मोटर अडखळली किंवा करकरली तर तो सोडून द्या. या कॅमेऱ्यात लेन्स गेली की कॅमेराच गेला. मिररलेसवर एफ/१६ ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. नव्या खरेदीत जीएसटीचं बिल आणि भारतातल्या वॉरंटीचं कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बजेटमधून जादा बॅटरी, कार्ड आणि पिशवी यांचे पैसे आधी बाजूला काढा.

पावसाळ्यातली निगा

कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते, घाटमाथ्यावरही तेच. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवू नये. एसीच्या गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच असू द्यावा, नाहीतर काचेवर बाष्प जमतं. सुपरझूमची लेन्स आत-बाहेर होताना धूळ आत ओढते आणि तिथपर्यंत आपला हात पोचत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या वाळूत तो जपून काढावा.

मग घ्यायचा कोणता?

तुमचे बहुतेक फोटो दिवसाउजेडी, लांबच्या आणि फारशा न हलणाऱ्या गोष्टींचे असतील, लेन्स बदलणं जिवावर येत असेल आणि कुटुंबातल्या कुणीही कॅमेरा उचलून वापरावा असं वाटत असेल, तर सुपरझूम घ्या. पक्षिनिरीक्षणाची आवड नुकती लागलेल्या निवृत्त माणसाला किंवा शाळकरी मुलाला मी निःशंकपणे तोच सुचवेन.

माणसं, मुलं, कार्यक्रम, सफारी, उडते पक्षी यांत तुमचा जीव असेल, तर मिररलेस घ्या. पण दुसऱ्या लेन्सचे पैसे आज किंवा वर्षभरात बाजूला काढता येतील तरच. ते जमणार नसेल, तर किट लेन्सपुरता मिररलेस घेऊन लांबच्या फोटोंची आस धरू नका.

एवढं करूनही मन ठरत नसेल, तर मोबाइलमधले गेल्या वर्षीचे फोटो उघडा. जे फोटो मनासारखे आले नाहीत ते वेगळे काढा आणि प्रत्येकासमोर ‘अंतर’ किंवा ‘उजेड’ यांपैकी एक शब्द लिहा. ज्या बाजूची यादी लांब होईल, त्या बाजूचा कॅमेरा पुण्या-मुंबईत मिळतो तसा दोन दिवस भाड्याने घ्या आणि त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा फोटो काढून पाहा. यादीतले निम्म्याहून जास्त फोटो या वेळी जमले, तर खुशाल पैसे मोजा.